न्हाणीघरातून बाहेर पडणारा गोलखांब

लिहून ठेवणार: अर्डिथ क्लिंगमन, विधवा, कॉलेजच्या खानावळीतून निवृत्त, राहणार पायनी फोर्क, ओहायो. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मृत्यूनंतरची पुढील व्यवस्था मी कोणाच्याही दडपणाविना करीत आहे.

१. माझे घर माझ्या नवऱ्याची पुतणी ट्वायला हिला, त्यातील, फुटबॉलच्या मैदानावरून आलेल्या पिवळ्या गोलखांबासह. खांब स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो व न्हाणीघराच्या भिंतीतून बाहेर पडतो. तो कापू नये. टॉवेल वाळत घातल्यास हरकत नाही.

खुलासा: राज्याचे मोठे विद्यापीठ आमच्या कॉलेजला फुटबॉलसाठी बोलावी, ते तुडवायलाच. एका वर्षी त्यांच्या मैदानाची डागडुजी निघाली, म्हणून ते आमच्याकडे आले. माझा भाऊ ड्वाइट त्यांच्याकडे शिकलेला. सकाळी माझ्याच हातचे पॅनकेक खात म्हणाला, "अर्डिथ, मध्यंतराला बँड ऐक आणि घरी जा. उगाच जिवाला त्रास."

मध्यंतराला अर्धे गाव घरी गेलेच. माझा नवरा रॉइस टर्की कोंबड्यांना दाणे घालायला गेला. पुढे शेवटच्या आजारात त्याने पाद्रीबाबांना शेवटचा गोल डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले. मी मध्ये बोलले नाही.

शेवटी चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा होता, आणि ते काम करणारा आमचा मुलगा ऐन वेळी ओकू लागला. (त्याने खानावळीत काही खाल्ले नव्हते, याची नोंद घ्यावी.) बँडमधला ट्रॉम्बोनवाला पुढे आला. त्याने मारलेला चेंडू खांबावर आपटला, तिथे जरा घुटमळला आणि आत पडला. एका गुणाने आम्ही जिंकलो.

पोरांनी खांब उपटला आणि नदीत टाकायला नेला. नदी आटलेली. रस्त्यावरचे शेवटचे घर माझे. "काकू, जरा खिडकी उघडता का?" मी उघडली. भिंतीचे त्यांनी विचारले नाही.

२. खानावळीतला मोठा झारा कॉलेजला परत करावा. खांब त्यांनी मागितल्यास झारा दाखवावा.

३. ट्वायला एकदा म्हणाली, "काकू, एका सामन्याचं एवढं काय? पुढच्याच वर्षी धुव्वा उडाला की." उडाला. अजून उडतो. पण तेव्हापासून या गावात मध्यंतराला कोणी घरी जात नाही. कितीही मार खात असलो, पाऊस असो, गोधड्या पांघरून सगळे शेवटपर्यंत बसतात. का, ते कोणी बोलत नाही. ट्वायलाने एकदा येऊन बसावे.

४. ड्वाइट कॉफीला आला की खांबाखालून वाकून जातो आणि म्हणतो, "खांबाने जिंकवलं, तुमच्या पोरांनी नाही." आम्ही जिंकलो, असे त्याने आजवर तोंडाने म्हटलेले नाही. तरी दर शनिवारी सामन्याला आपल्या विद्यापीठाचा लाल कोट घालून माझ्या शेजारी शेवटपर्यंत बसतो. "लक्ष ठेवायला हवं तुमच्यावर," म्हणतो.

त्याला मी काहीही ठेवलेले नाही. यात राग नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. आणि या कागदाखाली मला त्याची सही हवी आहे.

पायनी फोर्क, १४ ऑक्टोबर
सही: अर्डिथ क्लिंगमन

साक्षीदार:
१. मर्ना ओडेनकर्क, शेजारीण. त्या दिवशी मी मैदानात होते. (नव्हती. — अ. क्लि.)
२. ड्वाइट स्टॉफर, भाऊ. वरील मजकूर, सामन्याचा भाग वगळून, खरा आहे.
यातील ‘सामन्याचा भाग वगळून’ हे शब्द मी स्वतः खोडले आहेत. — ड्वा. स्टॉ.