धक्क्यावरची जागा

न्यूनेन, नेदरलँड्स, जून २०२०

प्रिय आईस,
सप्रेम जय भीम.

आम्ही बरे आहोत. माझी नोकरी गेली ते मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या जावयाची, अश्वजितची आहे. त्याला ऑफिसातून अवेळी फोन आला की दोघंही श्वास रोखतो, एवढंच. तुझा खोकला कसा आहे? खरं सांग.

मी मासे धरायला शिकतेय. हसू नकोस! आमच्या अख्ख्या टीमला एका व्हिडिओ कॉलवर घरी बसवणारा बडा साहेब याच गावात राहतो. इथल्या तळ्यात ट्राउट आहेत. या दिवसांत संध्याकाळी पाण्यातून पंखवाले किडे निघतात आणि ते गिळायला ट्राउट वर येतात. तेव्हा गळाला पिसांचा खोटा किडा बांधून त्यांना धरायचं; साहेब वर्षभर याचीच वाट बघतो.

मासे वर येतात तिथवर दोरी पोचते ती एका छोट्या लाकडी धक्क्यावरूनच. म्हणून मी परवाना काढला आणि रोज त्याच्याआधी तिथे जाऊन उभी राहते. कोरोनामुळे दीड मीटरच्या आत कुणी यायचं नाही. तो मागे ताटकळतो, समोर मासे उसळतात आणि माझी दोरी लव्हाळ्यात अडकलेली! अजून एकही मासा मिळाला नाही, पण झोप छान लागते.

काल त्याने विचारलं, "कामावरून रोज इतक्या लवकर कशा सुटता?" मेल्याने मला ओळखलंही नव्हतं.

म्हटलं, "तुमच्याच कृपेने."

तू म्हणशील, वैर धरू नये. नाही धरणार, आई. फक्त हे किडे संपू देत.

तुझीच,
धम्मदीपा