पाठीवरचा कागद

मामाजी, हे मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ती जन्मली, त्यामुळे तुमची तिची ओळख नाही. पण देऊळगाव राजातलं तुमचं फोटोचं दुकान आज तीच चालवते. माझ्या बोलण्यातल्या 'मले'चं ती कागदावर 'मला' करते आहे, हे मला वाचता येत नसूनही कळतं, कारण तसं करताना ती गालात हसते. करू दे म्हटलं. सुनेनं तुमच्या दुकानात बसून जन्मभर लोकांचे चेहरे साफ केले, नातीनं सुनेची बोली साफ केली तर काय बिघडलं.

लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आजही येत नाही, आणि तरी पहिल्याच वर्षी तुम्ही माझ्या हातात पेन्सिल दिलीत. सासूबाई म्हणाल्या होत्या, हिले पेन्सिल काय कान कोराले देता का. तुम्ही हसला नाहीत. हसणं तुम्ही गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं. दुपारच्या उजेडात निगेटिव्हची काच धरून दाखवलंत. काचेवर माणूस उलटा उमटलेला, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. तिच्या पाठीवर बटर पेपर लावायचा, आणि चेहरा जिथे अंधारला असेल तिथे त्या कागदावर पेन्सिलीचा मऊ हात फिरवायचा, म्हणजे छापताना तेवढी जागा उजळते. बाकीचे फोटोवाले सरळ काचेवरच पेन्सिल चालवत. तुमच्याकडे ते चालत नव्हतं. "काच म्हणजे तो माणूस, सूनबाई. त्याले हात लावाचा नाही. आपलं काम पाठीच्या कागदावर. उद्या आपल्याहून चांगला हात आला, तर त्यानं दुसरा कागद लावाचा."

माझं पहिलं काम फेटेवाल्या आजोबांचं. ते वारले होते आणि घरच्यांना तेरवीला मोठा फोटो हवा होता. जवळ होती ती एकच काच, आणि तिच्यात फेट्याची सावली अशी पडलेली की डोळे आहेत का नाहीत कळेना. तीन दुपारी मी त्या दोन डोळ्यांशी बसले. चौथ्या दिवशी तुम्ही कागद उजेडाला धरलात आणि "हं" म्हणालात. तुमच्या तोंडचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची मिरवणूक. मोठे फोटो तेव्हा जालन्याला होत. काच आणि कागद पुडक्यात बांधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवसांनी फोटो आला, घरचे लोक न्यायला बसलेलेच होते. तुम्ही सर्वांपुढे गुंडाळी उलगडलीत, आणि फेट्याखाली नुसता काळोख. त्यांची म्हातारी बायको पुढे झाली, वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "याह्यचे डोळे कोठी गेले?"

कागद टेबलाच्या खणात निघाला. पुडक्यावर तुम्ही 'कागदासहित' असं लिहून ठेवलं होतं. मला ते वाचता आलं नसेल, असं तुम्हीच ठरवलंत, आणि त्या लोकांसमोर म्हणालात, "तिले अक्षर येत नाही हे मले माहीत होतं. चूक माही हाये." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं स्वतः जालन्याला गेलात आणि नवा फोटो घेऊन आलात. तेरवीला आजोबा डोळे उघडे ठेवून भिंतीवर लागले. मला मागाहून एवढंच ऐकवलंत: "माणूस धाडला, सूनबाई, आपली मेहनत घरीच राह्यली."

ते वाक्य परवा कामाला आलं, ते सांगायलाच बसले आहे. नातीनं तुमच्या सगळ्या काचा कॉम्प्युटरात घेतल्या आहेत. दुकान नवं केलं, तेव्हा एका भिंतीवर गावातल्या जुन्या माणसांचे चेहरे लावायचे आणि त्यांच्या घरच्यांना बोलवायचं, असं तिच्या मनात आलं. थंडीभर आम्ही दोघी घरी तिच्या लॅपटॉपपुढे बसलो. मी सांगायची, हिच्या डोळ्याखालचं उजळ, पण गालावरचा व्रण राहू दे, त्याच्याशिवाय तिची लेकही तिला ओळखणार नाही. दीडशेच्या वर चेहरे झाले. एकदा ती म्हणाली, "आजी, मूळ फोटोला आपण हातच लावत नाही. काय उजळलं, काय झाकलं, ते सगळं वेगळ्या कॅटलॉगात टिपलेलं राहतं." मी म्हटलं, हे तर तुझ्या पणजोबाचं जुनंच आहे. तर म्हणे, तू सगळंच पणजोबांच्या नावावर खपवतेस.

परवा तो लॅपटॉप चारच्या गाडीनं जालन्याला जायचा होता, बदलून नवा घ्यायला. देण्याआधी तो पार पुसायचा असतो म्हणे. तिनं सगळे फोटो दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, तिथल्या कॅटलॉगात घातले, आणि लॅपटॉप पुसायला बसली. मी बाजूच्या खुर्चीत. म्हटलं, बाई, पुसायच्या आधी मला त्या मोठ्या पडद्यावर फेटेवाले आजोबा दाखव. तिनं लावले. फेट्याखाली काळोख. ती घाईत म्हणाली, पडदा नवा आहे, म्हणून तसं दिसत असेल. मी म्हटलं, "पडद्याले काऊन नाव ठेवतं? काचा आणल्या तू. पाठीचा कागद लॅपटॉपातच राह्यला. पुसू नको."

तिचा हात तिथेच थांबला. मग तिचं तोंड उतरलं, आणि मग ती भराभरा कामाला लागली. लॅपटॉपच्या कॅटलॉगातलं तेवढं काम बांधून घेतलं आणि दुकानाच्या कॅटलॉगात आणायला घेतलं. मशीन विचारू लागलं, हे फोटो इथे आधीच आहेत, काय करू? तिनं मला वाचून दाखवलं: नुसते बदल घ्यायचे, का फोटोही बदलायचे? "फोटो कशाले? काच तर आली हाये. कागद तेवढा आण." आणखी विचारलं, इथे आधी काही काम केलं असेल तर ते मोडू का, वेगळी प्रत करून ठेवू? सकाळीच तिनं इथे दोनतीन अंधारे चेहरे, पडद्याचाच दोष समजून, नव्यानं उजळले होते. मी म्हटलं, ठेव. कोणाचा हात चांगला ते मागाहून पाहू. मग पडद्यावर एकेक माणूस उजळत गेला. आजोबांनी डोळे उघडले, तेव्हा माझी नात, जी मला रोज चष्मा कुठे ठेवला म्हणून रागावते, ती उठली आणि माझ्या पाया पडली. चारची गाडी गेली. लॅपटॉप काल गेला. तुम्ही असता तर "हं" म्हणाला असता, आणि मी ते दुसऱ्यांदा ऐकलं असतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. आजोबांची काच अजून आहे आणि तो बटर पेपरही; काम झाल्यावर मी तो तुमच्याकडून मागून घेतला होता. त्याच्याच मागे हे ठेवायला सांगते. कारण एक गोष्ट तुमच्यासमोर कधी बोलले नाही. पुडक्यावरचं मला वाचता आलं नाही हे खरं, पण आत काय घालायचं ते मला पाठ होतं. वाटलं, जालन्यावाला त्याच्या हातानं डोळे उघडेल, एवढं तर त्यालाही येत असेल. तुम्ही चूक अंगावर घेतलीत आणि मी मान खाली घालून उभी राहिले. अडाणी असणं त्या दिवशी मला सोयीचं पडलं.

नातीचा पेन थांबला आहे. विचारते, आजी, हे लिहू? लिही म्हटलं, आणि एवढं मात्र साफ करू नको. मामाजी, मी इसरली नव्हती. माहं पयलं काम होतं, मले ते धाडवलंच नाही.