बिनशाईचं नाव

एदो, पहिला महिना, दिवस चौथा

ती. ओनुईताईस शि. सा. न. वि. वि.

नववर्षाची भेट सोबत पाठवतोय, हात धुऊन उघड! आमच्या काव्यमंडळाने फक्त सभासदांसाठी काढवून घेतलेलं चित्र आहे, बाजारात शोधूनही मिळायचं नाही. कागद सायीसारखा जाड, चंद्रावर रुप्याची पूड. सारसाची पिसं तिरप्या उजेडात बघ. त्यांना रंगच नाही. छापणाऱ्याने कोरा कागद कोरलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून कोपराने दाबून उठवलीत. आणि वर कविता, खाली नाव तुझ्या धाकट्या भावाचं! पंखे विकता विकता मी वाया गेलो, असं आता म्हणू नकोस.

लोभ आहे, त्याला ओहोटी नको.
तोकुजिरो

नागोया, पहिला महिना, दिवस पंचविसावा

चि. तोकुजिरो यास अनेक आशीर्वाद.

सारस देखणा, चंद्र देखणा, कविता तर फारच देखणी. असणारच, माझीच आहे! अंगण झाडून व्हायच्या आत पाहुणा दारात, तशी बर्फ वितळायच्या आत उमेची झाडं फुलली, हे मी तुला हिवाळ्यातल्या पत्रात गमतीने लिहिलं होतं. लहानपणी माझ्या वाटीतले तांदळाचे मोची-लाडू पळवायचास, आता कविता. हात मात्र सफाईदार झालाय हं!

थट्टा पुरे. खाली तुझं नाव वाचलं आणि मनाला लागलं, हेही खरं. पण बोभाटा करू नकोस. बायका कविता करायला लागल्या की संसार बुडतो, असं सासूबाईंचं ठाम मत आहे, आणि मला याच घरात नांदायचंय.

आशीर्वाद आहेतच, सोबत थोडी अक्कलही यावी.
ओनुई

एदो, दुसरा महिना, दिवस अठरावा

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. मंडळात उभं राहून सगळं कबूल केलं. अध्यक्ष म्हणाले की खरी कवयित्री नागोयात आहे तर तू आता वर्षभर चहा ओत. घरोघर जाऊन चित्रं परत मागून आणली. एका वैद्यबुवांनी तर दार अर्धंच उघडलं.

कोरणाऱ्याने ठोकळ्यातलं माझं नाव तासून काढलं, तिथे नव्या लाकडाचा तुकडा बसवला आणि तुझं नाव कोरलं. मात्र छापलंय बिनशाईचं, त्या पिसांसारखं. नवी प्रत सोबत पाठवतोय. सासूबाईंच्या नजरेला पडणार नाही, निश्चिंत राहा. रागावली असशील तर तसं लिही, पण गप्प बसू नकोस.

तुझ्या मायेचा भुकेला,
तोकुजिरो

नागोया, तिसरा महिना, दिवस सहावा

चि. तोकुजिरो यास अनेक आशीर्वाद.

रागावले नाही रे. घरोघर गेलास हे वाचून डोळे भरले.

पण तुझी युक्ती फसली! मी चुलीपाशी होते, पुडकं सासूबाईंनी सोडलं. लाकडी कंगव्यांच्या धंद्यात त्यांचा जन्म गेलाय. एखादा दात केसभर वाकडा असला तरी खिडकीशी तिरपा धरून ओळखतात. चित्रही तस्संच धरलं आणि मला हाक मारली. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, कविता माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि विचारलं की एदोत शाईचा दुष्काळ पडलाय का. आमच्या सुनेचं नाव असं भुतासारखं का छापलं, याचा जाब तुला विचारायला सांगितलाय.

तेव्हा पुढच्या नववर्षाला काळीभोर शाई हवी. नवी कविता लिहायला घेतलीय. दुसरी ओळ सासूबाईंना पसंत नाही, म्हणून पत्र इथेच आवरते.

तुझी,
ओनुई