काट्याचे वजन कॉम्प्युटरवर येईना

आश्विन शु. ११, शनिवार
सकाळी दूध घेताना पुन्हा तेच. काट्यावर वजन दिसते, कॉम्प्युटरवर शून्य. कॉम्प्युटरवर पावत्या करणाऱ्या संगीताने वायर काढून परत लावली, दोघांच्या दुधाचे वजन आले, मग परत शून्य. पावत्या हातानेच केल्या. रांगेतून रामा ओरडला, "तात्या, टँकरचं पाणी पाजून दूध काढलंय आन तुमचं डबडं शून्य दावतंय!" सगळे हसले. दूध संस्थेचा सचिव मी. हसू कसे येणार.
परवाच खंडेनवमीला काटा, फॅट मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा मी स्वतः केली. वायरी उपसून, पुसून, एकेका तोंडाला हळद-कुंकू, अक्षता. एक सोडली नाही. तरी असे व्हावे.

शु. १३, सोमवार
वायर दाबून धरली की वजन येते, सोडली की जाते. संगीता एका हाताने वायर दाबून दुसऱ्या हाताने बटणे दाबत होती. मी विचारले, "तू ह्या भोकात मोबाईल चार्जिंगला लावतीस का गं?"
"एकदा लावलता तात्या. पोरीच्या शाळंतून फोन येणार व्हता."
मनात बसले ते बसलेच. हिनेच ढिले केले.

शु. १४, मंगळवार
गेवराईला जाऊन आलो. काट्याची जाड वायर कॉम्प्युटरच्या चपट्या भोकात बसवणारे अडॉप्टर नवे आणले. दुकानदाराने जुनेही लावून पाहिले. "बाबा, हे बी चांगलंच हाय की. कावून बदलता?" त्याच्याकडे दोन्ही चालली. आमच्याकडे दोन्ही नाहीत. शेवटचा दोराभर भाग आत जात नाही असे वाटले, पण जोर करायला भ्यालो.
म्हणजे वायर चांगली. भोकच बिघडलेले. आणि भोकात हात कोणाचा, तर तिचा. माझा हिशेब असा.

पौर्णिमा, बुधवार
मीटिंग. मोबाईलचे सांगितले. चेअरमन अण्णा म्हणाले, "मग काढा तिला. ठराव ल्ह्या." मी लिहिला. तिला कोणी विचारले नाही. ती बाहेर कॅन धूत होती, पाणी जपून, एकाचे दुसऱ्यात ओतत. एवढे दिसत होते मला खिडकीतून.

वद्य २, शुक्रवार
संगीताने किल्ली टेबलावर ठेवली. भांडली असती तर बरे.
दरवर्षी ती नि तिचा नवरा किसन ऊस तोडायला जातात. यंदा डेअरीच्या कामामुळे ती प्रथमच मागे राहणार होती, पोरगी दहावीला म्हणून. आता किसनने मुकादमाला तिचाही होकार दिलाय. रविवारी सकाळी गाडी. पोरगीही जाणार, फडातल्या झोपडीत, कोपीवर स्वैपाकाला.
जेवण गेले नाही.

वद्य ३, शनिवार
दूध मीच घेतले, हाताने पावत्या. सगळे गेल्यावर एकटा बसलो. सहज माऊसची वायर त्या भोकात लावली. माऊस मेला. दुसऱ्या भोकात लावली, चालला. बॅटरी धरून, चष्मा वर करून आत पाहिले. आत लाल काहीतरी.
सुनेची सुई आणली. उकरले. तांदूळ निघाला. कुंकवाचा.
माझी अक्षत.
जुने अडॉप्टर लावले, टक करून पार आत गेले. रिकामा कॅन काट्यावर ठेवला. कॉम्प्युटरवर वजन. बंद करून परत चालू केला. परत वजन. आनंद झाला नाही.
तसाच अण्णांकडे गेलो. ते म्हणाले, "तात्या, ठराव झालाय. सचिवाच्या पूजेनं मशीन बंद पडलं म्हणलं तर लोक संस्थेच्या तोंडात शेण घालतील. गप ऱ्हावा."
खरे लिहायचे तर क्षणभर बरे वाटले. त्याचीच जास्त लाज वाटते आहे.
संध्याकाळी संगीताच्या दारात गेलो. ती पोती बांधत होती. पोरीने पाणी दिले, अर्धा पेला. वह्या पाटीवर रचलेल्या, न्यायच्या की ठेवायच्या कळेना.
"मशीन चालू झालं का तात्या?"
"झालं."
"काय व्हतं?"
मी म्हणालो, धूळ.
ती हातातली सुतळी तशीच धरून थांबली. "मंग माजंच चुकलं. रोज पुसाया पायजे व्हतं भोकात."
मी पाणी प्यालो आणि आलो. प्यालो कसा.

वद्य ४, रविवार, सकाळ
डेअरीतच लिहितोय, पावतीच्या पाठीवर. वजन बरोबर येते आहे. रामा म्हणतो, "तात्यांनी मशीन सुदरवलं बघा, इंजिनेर हायत!" लोक हसले, कोणी पाठीवर थाप मारली.
तो तांदूळ कागदात, खिशात आहे. सारखा हात जातो.
गाडी अजून पाराजवळ उभी आहे. कोणाची तरी पेटी चढवायची राहिलीय. संगीताचे पातेले वर बांधलेले दिसते, पोरगी मागे बसलीय, मांडीवर दप्तर.
पाच-सहा चरव्या रांगेत आहेत. "तात्या, घ्या की!" मुकादमाने हॉर्न दिला. तांदूळ तिला दाखवायचाय, मी काटा तसाच सोडून चपला शोधतो आहे, एक सापडली, दुसरी