माझी स्मरणशक्ती शाबूत आहे

३ फेब्रुवारी, सकाळ

हिने मला न विचारता आमच्या दोघांची नावं विद्यापीठात दिली. मानसशास्त्र विभागाचा कसलासा अभ्यास. उतारवयातली स्मरणशक्ती, विचारशक्ती आणि समाधान. सत्तरीच्या पुढची जोडपी पाहिजेत म्हणे. मी विचारलं, आपल्याला काय धाड भरलीय? तर म्हणाली, "काही नाही. घरात बसून तरी काय करतोय आपण?"

संशयास्पद उत्तर. गेल्याच आठवड्यात मुलीने फोनवर सहज विचारलं होतं, "बाबा, गाडी अजून तुम्हीच चालवता?" सहज! दोन आणि दोन चार. मला म्हातारचळ लागलाय हे कागदावर आणायचं आणि गाडीची किल्ली काढून घ्यायची.

पंपाच्या कारखान्यात अडतीस वर्षं माल तपासला. सगळे मला 'रिजेक्टसाहेब' म्हणत. प्रेमाने. एक खोटा व्हॉल्व्ह कधी नजरेतून सुटला नाही, आणि ही तर घरचीच माणसं.

संकल्प: जायचं. पैकीच्या पैकी मार्क काढायचे. सर्टिफिकेट फ्रेम करून समोरच्या भिंतीवर, मुलीला दिसेल असं.

६ फेब्रुवारी

तयारी सुरू. पहाटे पाचला उठून एकोणिसाचा पाढा आणि वीस भाज्या, ओळीने. उठलो पावणेआठला. गजर वाजला होता असं हिचं म्हणणं. पुरावा नाही. भाज्या पाठ झाल्या. पाढा एकोणीस सातेपाशी अडतो. तो विचारणार नाहीत.

दुपारी मुलीचा फोन. ही तो घेऊन गॅलरीत गेली! मी पडद्याआड उभा राहिलो (पडदा वाकडा झाला होता). एवढंच ऐकू आलं: "गुरुवारी जाऊ. ह्यांना इतक्यात कळू देऊ नकोस."

गुरुवार. लक्षात ठेवलं.

११ फेब्रुवारी

पहिली बैठक. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, बेसिन, टिश्यूचा डबा. टिश्यू कशाला? इथे लोक रडतात? बेसिनवर आरसा. आरशामागून बघत असतील म्हणून टकटक केली. भिंत आहे.

परीक्षा घेणारी मुलगी विशीपंचविशीची. हातात कायम क्लिपबोर्ड, म्हणून तिचं नाव क्लिपबोर्ड. मला 'काका' म्हणाली. मी सांगितलं, मी तुमचा काका नाही. ती म्हणाली, "बरं, सर." लगेच बदलली. अशी माणसं धोकादायक.

पंधरा शब्द वाचून दाखवले आणि आठवतील तेवढे सांगा म्हणाली. मी न थांबता पंधरा सांगितले. तिने आठ लिहून घेतले. म्हणे भेंडी, पडवळ, दोडका वगैरे यादीत नव्हते. यादीच अपुरी आहे, हे मी तिच्या निदर्शनास आणलं.

मग घड्याळ काढायला दिलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. आधी कंपासशिवाय शुद्ध वर्तुळ. साठ खुणा, दर पाचवी ठळक. वेळ संपली तेव्हा काटे राहिले होते. काम चोख करायचं तर वेळ लागतो. ती "छान" म्हणाली आणि काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होती.

शेवटी फॉर्म. 'अडीअडचणीला कुणाला हाक माराल?' पाच रकाने. पहिल्यात हिचं नाव घातलं, बाकीचे कोरे. उगाच यांच्या हाती नावं कशाला द्या? 'भावंडं?' एक, धाकटा भाऊ. 'संबंध कसे?' लिहिलं: नापास.

याचं कारण इथे नोंदवून ठेवतो. अकरा वर्षं चार महिन्यांपूर्वी, मुलीच्या लग्नात, रविवारी, दुसरी पंगत. मी आचाऱ्याला मिठाबद्दल चार शब्द सांगत होतो. भाऊ बत्तीस माणसांसमोर म्हणाला, "दादा, हा कारखाना नाही. माणसांवर शिक्के मारू नकोस." अंगात तपकिरी सदरा, वरून दुसरं बटण तुटलेलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. आणि म्हणे माझी स्मरणशक्ती तपासायची!

१४ फेब्रुवारी

आम्हा दोघांना एकेक मशीन दिलंय, काडेपेटीएवढं. दिवसातून चारदा वाजतं. तेव्हा कसं वाटतंय ते दाबायचं, एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम. धोरण ठरलं: कायम पाच.

१०:१५. वाजलं. पाच. (बोट दारात चेमटलं होतं.)

१:४०. पाच. (हिच्याशी वाद चालू. ही म्हणाली, "पाच? जनाची नाही तर मनाची तरी!")

५:०५. पाच. समोरचा दंतवैद्य माझ्या जागेवर गाडी लावून गेलाय. चिठ्ठी लिहितोय.

६:३०. मी हिला पेपरमधल्या छपाईच्या चुका वाचून दाखवत होतो. दोघांची मशीनं एकदम वाजली. हिने दोन दाबलं. मी बघितलं. दोन! वाचून दाखवत असताना!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ही आणि मुलगी तीन वाजता 'कापड बघायला' गेल्या. साडेपाचला परत. कापड नाही. हिचे डोळे लाल. विचारलं तर म्हणाली धूळ. दुकानात धूळ?

माझा तर्क: वकील.

२१ फेब्रुवारी

दुसरी बैठक. क्लिपबोर्ड गप्पांच्या ओघात म्हणाली की वय वाढतं तशी बरीच माणसं वाईट गोष्टी कमी आठवतात, चांगल्या धरून ठेवतात, असं अभ्यासांत दिसतं. मी म्हणालो, मग मी अपवाद. मला सगळं जसंच्या तसं आठवतं. पुराव्यादाखल लग्नाची पंगत सांगितली, बटणासकट. ती लिहायची थांबली. "अकरा वर्षं?" म्हणाली. मी म्हटलं, आणि चार महिने. प्रभावित झाली असावी.

मग दोघांना एकमेकांबद्दल लिहायला दिलं. घरी भरून बंद पाकिटात आणून द्यायचं. मी हिच्याबद्दल निःपक्षपातीपणे लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून तीन पानं जोडली. हिने एका मिनिटात संपवलं आणि पाकिटात घातलं.

एका मिनिटात माणूस काय लिहितो? 'होय, भ्रम झालाय. किल्ली काढून घ्या.' तेवढंच बसतं.

२३ फेब्रुवारी, सकाळी ११

ही दळण आणायला गेली. दोन्ही पाकिटं मीच विभागात नेऊन देतो असं कालच जाहीर केलं होतं. किटली ठेवली, पाकीट वाफेवर धरलं. तपासणी केल्याशिवाय माल पुढे पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. हाताला चटका. मग लक्षात आलं, पाकीट चिकटवलेलंच नव्हतं.

प्रश्न होता: 'जोडीदाराच्या विसरण्याबद्दल तुम्हाला कशाची काळजी वाटते?'

हिने लिहिलं होतं:

'हे काहीच विसरत नाहीत. माझे दीर विसरत चाललेत. दर गुरुवारी मी आणि मुलगी जातो. भांडण ते केव्हाच विसरले. दर वेळी विचारतात, दादा आला नाही का? मी काय सांगू?'

दुपारी ३

हा सापळा आहे. पाकीट उघडं का ठेवलं? मी उघडणार हे हिला ठाऊक होतं. आणि भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो आधी कसा विसरेल? नाटक असणार. माफी मागायला नको म्हणून विसरल्याचं सोंग. लहानपणीही पाढे येत नसले की पोट दुखायचं त्याचं.

दोनदा गॅलरीत जाऊन आलो. जेवण गेलं नाही. मशीन वाजलं. काही दाबलं नाही.

२५ फेब्रुवारी

हिला सरळ विचारलं. हिने काही लपवलं नाही. दीड वर्षापासून चाललंय. आधी चष्मा, चाव्या. मग घराचा रस्ता. आता कधी कधी बायकोचं नाव. मी म्हणालो, मला आधी का नाही सांगितलंस? ही म्हणाली, "तीनदा सांगायला आले. तिन्ही वेळा तुम्ही ती पंगत वाढायला घेतलीत. अभ्यासात नाव दिलं ते त्यासाठीच. म्हटलं, बाहेरच्या माणसाने विचारलं तर तरी काही हलेल."

म्हणजे किल्लीचा विषयच नव्हता? ही म्हणाली, "कसली किल्ली?"

मग भाजी चिरायला बसली. मान वर न करता म्हणाली, "उद्या गुरुवार आहे. येणार का?"

मी म्हणालो, विचार करतो. विचार पूर्ण केला आहे. जाणार. कार्यक्रम असा: आत जायचं. खुर्चीवर बसायचं. त्याला माफी मागायची संधी द्यायची. एका वाक्यात मागितली तरी चालेल. मोठ्या मनाने स्वीकारायची. एकूण वेळ दहा मिनिटं. तो रडला तर पंधरा.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

भावजयीने दार उघडलं. मला बघून बाजूला सरली. पदराने डोळे पुसून आत बघितलं आणि हळूच म्हणाली, "आज ओळख जरा कमीच आहे, दादा." आम्ही तिघं गेलो होतो. ही आणि मुलगी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. मुद्दामच.

भाऊ खिडकीशी बसला होता. बारीक झालाय. माझ्याकडे बघून नीट उठून उभा राहिला, लहानपणी मास्तर वर्गात आले की राहायचा तसा. म्हणाला, "या. मीटर बघायला आलात ना? जिन्याखाली आहे."

मी म्हणालो, मीटर नाही, सहज आलो. तो म्हणाला, बसा मग. बसलो. माफीची वाट बघितली. त्याने पाणी दिलं. पेला काठोकाठ भरलेला, तरी सांडू दिलं नाही.

विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हणालो, कारखान्यात माल तपासायचो. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "आमचा दादा पण इन्स्पेक्शनमध्येच! त्याच्या हातून वाईट माल सुटायचा नाही. मी कॉलेजात असताना दोन वर्षं त्याने ओव्हरटाइम केला, माझ्या फीसाठी. मला कधी बोलून दाखवलं नाही."

ओव्हरटाइमचं मी विसरलो होतो. साफ विसरलो होतो.

चहा आला. त्याने स्वतःची बिस्किटं माझ्या बशीत ठेवली. दादा लवकरच येणार आहे म्हणाला. कामात असतो, नाहीतर आलाच असता. चाळीस मिनिटं दादाच्या गोष्टी सांगितल्या. काही खऱ्या होत्या.

दहा मिनिटांचा कार्यक्रम हुकला. निघताना तो दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "पुढच्या वेळी दादा असताना या. तुमचं दोघांचं छान जमेल." चपला घालत मी म्हणालो, कठीण आहे. फार आडमुठा माणूस आहे म्हणतात तो. बारीकसारीक मनात धरून ठेवतो.

भावाची मान ताठ झाली. डोळे थेट माझ्या डोळ्यांत. म्हणाला, "ऐका. माझ्या घरात बसून माझ्या दादाबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही. चहा प्यालात, आता निघा."

आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. ही आणि मुलगी अजून आतच होत्या.