शंभरकर साउंड सर्व्हिस आणि शेवटची रांग

मी, नानाजी धोंडबा शंभरकर, वय पंचाहत्तर, राहणार इंदोरा, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कान शेजाऱ्यांना अडचण व्हावी इतके चांगले आहेत. कुणाचा दबाव नाही. पत्नी भागीरथाचाही नाही, निदान आज नाही.

१. इंदोऱ्याचं घर भागीरथाच्या हयातीत तिचं. "आई, तू कुठे राहशील?" असं तिला कुणी विचारू नये. तिच्यानंतर दोन्ही मुलांना सारखं.

२. बँकेतली ठेव आणि टेम्पो मुलगा प्रीतम याला. टेम्पोचा रिव्हर्स गिअर फक्त माझं ऐकतो, तेवढं त्याने शिकून घ्यावं.

३. कामठी रोडवरचं 'शंभरकर साउंड सर्व्हिस' हे दुकान, भोंगे, मशिनी, गिऱ्हाईक आणि नाव यांसह, मुलगी नंदिनी हिला. दुकान आपल्यालाच मिळणार असं प्रीतम धरून आहे, म्हणून कारण लिहितो.

एकाहत्तरच्या लढाईत मी फौजेच्या सिग्नल तुकडीत, तारा-वायरलेसच्या कामावर, शिपाई होतो. आमच्या डिव्हिजनचे मेजर जनरल देवसहायम यांच्या भाषणाला माईक लावायचं काम माझं. साहेबांचा आवाज बारीक. भाषणाआधी ते मला माईकवर बोलायला लावायचे आणि स्वतः शेवटच्या रांगेत, स्वयंपाक्यांच्या मागे, जाऊन उभे राहायचे. तिथे ऐकू आलं तरच बोलायचे. नदी ओलांडायच्या आदल्या दिवशी ओलीने बॅटरी बसली, भोंगा बंद. पुढच्या रांगांना माझा नुसता आवाज जात होता, अफसर म्हणाले, "काफी है." साहेब मागून चालत आले. रागावले नाहीत. एकेका रांगेसमोर उभे राहून तेच बोलले, "पुल पर कोई नहीं जाएगा. दोहराओ." शेवटी स्वयंपाक्यांकडूनही वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फौज वरच्या अंगाने पाण्यातून उतरली आणि शत्रूने सुरुंग लावलेला रिकामा पूल आमच्या देखत उडाला. जेवणाची गाडी त्यावर असती, तरी मोहीम जिंकलीच असती. स्वयंपाक्यांच्या घरी मात्र ते कुणी जिंकणं म्हटलं नसतं.

फौजेतून सुटल्यावर एका भोंग्यावर धंदा उभा केला, तो साहेबांच्या याच रीतीवर. मागच्या हिवाळ्यात खाप्याच्या लग्नात प्रीतमला म्हटलं, "मागं जाऊन पाह्य."

"काहून? मीटर बरोबर दाखवून राहिला ना, बाबा!"

नंदिनी पाहुणी म्हणून आलेली. साडी सावरत मांडवामागे गेली आणि भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं, "आयकू येते का वं, मावशी?"

"कायचं बाई, नुसतं भुंभुं करून राहिलं."

तिने स्वतः भोंगा फिरवला. मी तेव्हाच ठरवलं.

लोक म्हणतील, मुलगी दुसऱ्या घरची. तिचं जरीपटक्याचं घर दुकानाला माझ्या घरापेक्षा जवळ आहे.

४. माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष मधुसूदन दरवर्षी साहेबांच्या भाषणाला 'सिंहगर्जना' म्हणतात. ते तेव्हा दूर कोठारात कांबळी वाटत होते. त्यांना माझा जुना बंद माईक द्यावा. माझ्या शोकसभेत त्यांनी तोच वापरावा.

५. वकील म्हणाले, मुलांना आधी सांगू नका. मला ते पटलं नाही. आज सगळ्यांना बसवून हे मोठ्याने वाचलं. प्रीतम दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत होता.

"आयकू आलं का गा?"

तो पंख्याकडे पाहत म्हणाला, "आलं."

"दोहराव."

"दुकान नंदिनीले." मग खुर्ची पुढे ओढून, "पण मशीन मीच लावीन. तिले वायर गुंडाळता येत नाही."

नंदिनी म्हणाली, "लाव. पण मागं मी जाईन."

दोघांचं म्हणणं याच कलमात धरावं. त्यानंतरच मी सही केली आहे.

सही: नानाजी धोंडबा शंभरकर

साक्षीदार, ज्यांनी वरील सर्व आपल्या कानांनी ऐकलं:
सिंधूताई रामटेके, शेजारीण
रोशन वासनिक, बॅटरीवाले

नागपूर, ९ नोव्हेंबर २०२५