अकरा नंबरच्या खाटेजवळ

६ जून १९८४, बुध.
सुरिनाम, मॉरिशस. ऑफिस सुटल्यावर चिनी दुकानामागच्या बारमध्ये गेलो. दारूसाठी नव्हे. सहाला मालिका लागते, नि यशो गेल्यापासून घरी एकट्याला धड बघवत नाही. निम्म्यावर बंद करतो.
बर्फातल्या त्या स्टेशनची गोष्ट. इथं बर्फ कुणी पाहिलाय? तरी आम्ही नवरा-बायकोनं, ती इस्पितळात जाईपर्यंत, दोन वर्षांत एक बुधवार चुकवला नव्हता.
शेजारी एक क्रेओल, आफ्रिकी वंशाचा माणूस. बस-स्टॉपवर पाहिलेला, बोललो कधी नव्हतो. स्टेशनमास्तरची सावत्र आई पडद्यावर आली नि दोघंही एकदमच ओरडलो, "वोलेर!" चोरटी! मग हसत सुटलो. किती महिन्यांनी.
नाव सिरिल.

१३ जून, बुध.
सिरिलनं स्टूल धरून ठेवलेलं. निम्मे मिरचीवडे माझ्या पुढ्यात सरकवले. मालिकेतला नवा सांधेवाला, रूळ बदलणारा, भला की लबाड, यावर भांडलो. मी म्हणालो लबाड. मजा आली.
मग पडद्यावर ती म्हातारी सावत्र आई दिसली. घोट घेत सिरिल म्हणाला, "आली बोपलीबाय."
भोपळीबाय. हे नाव यशोनं ठेवलेलं. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, आणि सिरिलला मराठी येत नाही.
विचारायचा धीर झाला नाही. उठून आलो.

१७ जून, रवि.
देवळात मुलांचा मराठी वर्ग. फळ्यावर 'भ' काढला नि हात पुढे चालेना. मुलं हसली.

२० जून, बुध.
सरळ विचारलं. तोही सरळ बोलला.
यशोच्या इस्पितळात वॉर्डबॉय होता. "अकरा नंबरची मादाम. वॉर्डात टीव्ही नव्हता. मी खालच्या खोलीत बघायचो, मग वर जाऊन तिला सांगायचो. नावं तिनंच शिकवली."
म्हणजे बुधवारीच तिला सगळं कळायचं. आणि मी गुरुवारी रजा काढून जायचो, तीच गोष्ट रंगवून सांगायचो. ती डोळे मोठे करून, "मग रे? मग?" एकदाही म्हणाली नाही, ठाऊक आहे.
स्टुलावर बसूनच रडलो. सिरिलनं पाठीवर हात ठेवला. भला माणूस.

२७ जून, बुध.
आज सांधेवाला गाडीत बसून निघून गेला. कंदील जळता ठेवून. 
सिरिल म्हणाला, "मादाम म्हणालीच होती. जाईल, पण दिवा विझवणार नाही."
घरी यायला निघालो, वाटेत थबकलो. यशो फेब्रु.त गेली. सांधेवाला मालिकेत आला एप्रिलात.
परत गेलो. "सिरिल, हे ती कधी म्हणाली?"
"मंगळवारी."
"कुठल्या?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरलोय.

३० जून, शनि.
इस्पितळात जाऊन आलो. वॉर्डची सिस्टर म्हणाली, सिरिलनं फेब्रु.तच नोकरी सोडली. तरी दर मंगळवारी व्हिजिटच्या वेळी येतो, अकरा नंबरपाशी बसतो. खाटेवर कुणीही असो. हळू आवाजात बोलतो. त्रास काही नाही, म्हणून हाकलत नाही.
लाँग माउंटनहून मुलगी शांता आलेली. तिला सांगावं लागलं. "बा, त्या माणसाच्या नादी लागू नका. आईला आता तरी सुखानं राहू द्या."
बरोबर आहे तिचं.

३ जुलै, मंगळ.
गेलो. सिरिलबरोबरच, एकाच बसनं.
अकरा नंबरवर कुणी अनोळखी आजी झोपलेली. तो एका बाजूला, मी दुसऱ्या. त्यानं गेल्या बुधवारचा भाग सांगितला. फार छान सांगतो. मधेमधे थांबायचा, समोरचं माणूस बोलत असताना थांबावं तसा. मला फक्त पंखा ऐकू येत होता.
एकदा तो खळखळून हसला. नेमका तिथंच, जिथं ती हसली असती.
"काय म्हणाली?"
"तुला नाही ऐकू आलं?" त्याला खरंच नवल वाटलं. "विचारतेय, मुसळ्या अजून रुसलाय का?"
मुसळ्या मी. लग्नाच्या पहिल्या वर्षी ठेवलेलं नाव, दार लावल्यावर घ्यायचं. शांतालाही माहीत नाही. इस्पितळात वॉर्डबॉयला सांगेल यशो? मरेल पण सांगणार नाही.
आजीनं झोपेतच कूस बदलली, माझ्याकडे तोंड केलं.
मी म्हणालो, "नाही रुसलो." मराठीत. 
उद्या मालिकेचा शेवटचा भाग. परवा गुरुवार. अकरा नंबरपाशी जाऊन शेवट सांगायला रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवलाय. द्यावा की नको?